रेफरी पण काळ्यात, टीम पण काळ्यात. बदलायचं कोणी?

शिट्टीवाला: काल डिचोलीजवळ गावच्या फुटबॉल टूर्नामेंटला रेफरी होतो, एक टीम काळ्या जर्सीत आली आणि माझ्याकडे पण काळीच, पिवळी घरी दोरीवर वाळत. कॅप्टन म्हणतो आमच्याकडे एकच सेट, तुम्हीच बदला सर. शेवटी एका पोराची नारंगी बिब (जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची बंडी) घालून मॅच काढली, लोक हसले ते वेगळंच. नियमाने कोणी बदलायचं?

डावा बॅक: फुटबॉलच्या नियमांतला लॉ ४ वाच, खेळाडूंच्या कपड्यांचा. दोन्ही टीमचे रंग एकमेकांपासून आणि रेफरी-लाइन्समनपासून वेगळे दिसायला हवेत एवढंच आहे, कोणी बदलायचं ते टूर्नामेंटच्या नियमात असतं, आणि गावच्या टूर्नामेंटला नियम म्हणजे आयोजकाचा मूड 😄

जुना गोली: दोन्ही गोलकीपर सेम रंगात असले आणि दुसरी जर्सी नसली तर मात्र रेफरी मॅच चालू देतो, ते त्यातच लिहिलंय.

मांद्रेचा: आम्ही आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जर्सीचे फोटोच मागवतो, नुसतं "निळा" म्हटलं तर कोण आकाशी आणतो कोण नेव्ही. तरी बिबचा एक सेट टेबलाखाली असतोच.

शिट्टीवाला: फोटोचं बेस्ट आहे. बाकी जूनमध्ये चिखलात सगळेच एका रंगाचे.