'१९८४' संपली, आता काय वाचू?

रात्री दोनला ऑर्वेलची '१९८४' संपवली आणि पंख्याकडे बघत पडून राहिले. आता असलीच अंगावर येणारी राजवट तरी हवी, नाहीतर पार अद्भुत काहीतरी. नुसती नावं नकोत, कधी नि कशी वाचलीत तेही सांगा. (हजार पानी मालिका सुचवू नका, घरात दीड वर्षाचं पोर आहे.)

लोकलवासी :
रशियन लेखक झाम्यातिनची 'वुई'. १९२०-२१ मध्ये लिहिलेली, ऑर्वेलच्या कितीतरी आधी. लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली गेली ती थेट १९८८ मध्ये. माणसांना नावं नाहीत, नुसते नंबर. घरं काचेची, पडदा ओढायलासुद्धा परवानगी लागते. मी ती कल्याण-सीएसएमटी फास्टमध्ये उभ्याउभ्या वाचत होतो. पान उलटायला गेलो तर मागून काका म्हणाले, "थांबा की जरा!" खांद्यावरून केव्हापासून वाचत होते कोण जाणे.

अधमुरं दही :
'वुई' मी दोनदा अर्धवट सोडली, फार तुटक वाटते. माझं मत योको ओगावाच्या 'द मेमरी पोलीस'ला. मूळ जपानी १९९४ ची, इंग्रजीत आली २०१९ ला. एका बेटावरून एकेक गोष्ट नाहीशी होते, पक्षी, गुलाब, कॅलेंडरं, आणि हळूहळू लोकांना तिची आठवणही उरत नाही. ज्यांना उरते त्यांना पोलीस उचलतात. आईचा विसराळूपणा वाढत चालला होता तेव्हा हातात आली. एका दुपारी आईनं झारा उचलला, उलटापालटा करून बघितला आणि मला विचारलं, "हे कशाचं गं?" पुस्तक मिटलं ते चार महिन्यांनी उघडलं. सुचवते, पण घरात असं काही चालू असेल तर आत्ता नको.

कांदेपोहे :
पोर लहान आहे ना, मग 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', ल ग्विन, १९६८. छोटीशीच आहे. तिथे ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून जो तो ते लपवतो. आजीला मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणूनच जन्मनाव कुणाला सांगायचं नसतं."

रद्दीवाला :
'फॅरनहाइट ४५१', १९५३. फूटपाथवरून स्वस्तात घेतली आणि नेमकी शेवटची पानं गायब! पुस्तकं जाळणाऱ्यांची गोष्ट, वर ही तऱ्हा. शेवटी माणसं पुस्तकं तोंडपाठ करून जपतात, हे मला मैत्रिणीनं फोनवर तोंडीच सांगितलं.

आजी ग्रेट! आज 'अर्थसी' सुरू करते. दही, तुझं पुस्तक यादीत टाकलंय, पण जरा खाली. आणि लोकलवासी, त्या काकांचं पुढे काय झालं?

लोकलवासी :
ठाण्याला उतरले. उतरण्याआधी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मुखपृष्ठाचा फोटो काढला.