[मदत हवी] टीकेइंटर ॲपच्या टास्कबार बटणावर हिरवी पट्टी काही केल्या दिसत नाही

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, मी प्रोग्रामर नाही. अकाउंट्समध्ये आहे, एक्सेलच्या कंटाळ्यातून पायथॉन शिकले.

बाबांकडे त्यांच्या भजनी मंडळाच्या साठेक कॅसेटी आहेत, सगळ्या सप्त्यातल्या. टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून त्या उतरवून घ्यायच्या म्हणून टीकेइंटरमध्ये (पायथॉनमधली खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) एक छोटं ॲप केलंय. कॅसेट लावायची, मोठं लाल बटण दाबायचं, शेवटी एफएफएमपेग (आवाजाच्या फाइलींचं रूपांतर करणारा प्रोग्राम) एमपी३ करून देतं. एवढं सगळं व्यवस्थित चालतं.

अडचण बाबांची आहे. सी-९० ची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं. तेवढा वेळ ते खिडकीकडे बघत बसणार नाहीत, बसावंही का? ते ॲप मिनिमाइझ करतात आणि पत्ते खेळतात. मग दर पाच मिनिटांनी "चालू आहे का बंद पडलं गं?" म्हणत खिडकी वर काढतात आणि त्या गडबडीत फुलीवर क्लिक होतं. दोनदा झालं, एकदा ४१व्या मिनिटाला. 'खरंच बंद करायचं का' विचारणारी चौकट टाकली, तर तिच्यावर न वाचता 'हो' दाबतात.

म्हणून हवंय ते असं: फाइल कॉपी करताना टास्कबारच्या बटणात हिरवा रंग भरत जातो, तसा भरावा. रेकॉर्डिंग चालू असताना आयकॉनच्या कोपऱ्यात लाल ठिपका असावा. आणि बटणावर माउस नेला की जी छोटी खिडकी दिसते, तिच्याखाली 'थांबा' आणि 'पुढे चालू' अशी दोन बटणं, गाण्याच्या प्लेअरला असतात तशी.

शोधाशोध करून कळलं की हे सगळं आयटास्कबारलिस्ट३ नावाच्या इंटरफेसमध्ये आहे, विंडोज ७ पासून. कॉमटाइप्स या पायथॉन लायब्ररीने तो मिळवला, एचआरइनिट करून सुरू केला, आणि रेकॉर्डिंगच्या थ्रेडमधून (बाजूला स्वतंत्र चालणाऱ्या कामातून) दर सेकंदाला ही ओळ चालते:

टास्कबार.सेटप्रोग्रेसव्हॅल्यू(रूट.विनफो_आयडी(), झालेले_सेकंद, २७००)

एरर नाही, काही नाही. आणि पट्टीही नाही! शिवाय टास्कबारवर माझा कॅसेटचा आयकॉन न दिसता पायथॉनचाच दिसतो. विंडोज १० आहे. दोन रविवार गेले यात, कोणी वाट दाखवा.

प्रतिसाद १

ताई, चूक एका शब्दाची आहे. विनफो_आयडी जो हँडल (विंडोजने खिडकीला दिलेला ओळख क्रमांक) देतं तो आतल्या खिडकीचा. टीके, म्हणजे टीकेइंटरच्या आतलं इंजिन, विंडोजवर प्रत्येक खिडकीभोवती एक बाहेरची चौकट गुंडाळतं आणि टास्कबारचं बटण असतं त्या बाहेरच्या चौकटीचं. तुम्ही आतल्या खोलीच्या नावाने पत्र टाकताय, पोस्टमनला फक्त घर नंबर ठाऊक आहे. म्हणून एररही येत नाही.

बाहेरचा हँडल हवा तर इंट(रूट.डब्ल्यूएम_फ्रेम(), १६) करा. तो सोळाच्या पायावरची स्ट्रिंग देतो, म्हणून ते १६. मात्र आधी रूट.अपडेट() करून खिडकी एकदा पडद्यावर येऊ द्या, त्याआधी ती चौकट तयारच नसते.

दुसरं, रेकॉर्डिंगच्या थ्रेडमधून टास्कबारला हात लावू नका. आयटास्कबारलिस्ट३ हे कॉमचं (विंडोजच्या भागांशी बोलायची पद्धत) ऑब्जेक्ट आहे, ते ज्या थ्रेडने बनवलं त्यानेच वापरायचं. थ्रेडने फक्त सेकंद एका क्यूमध्ये (रांगेत) टाकावेत, मुख्य थ्रेडने रूट.आफ्टर लावून ते उचलावेत. टीकेची लेबलं बदलतानाही हाच नियम पाळा, नाहीतर कधीतरी ॲप गोठेल आणि कारण सापडणार नाही.

आयकॉनचं म्हणाल तर विंडोजच्या लेखी तुमचं ॲप म्हणजे पायथॉनडब्ल्यू.एक्झी. खिडकी बनवण्याआधी, अगदी पहिल्या ओळींत, सेटकरंटप्रोसेसएक्स्प्लिसिटॲपयूजरमॉडेलआयडी हे विंडोजचं लांबलचक फंक्शन सीटाइप्सने (पायथॉनमधून विंडोजची फंक्शनं बोलवायचं मोड्यूल) बोलवा आणि कुठलंही वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ 'घरचं.कॅसेट'. पायइन्स्टॉलरने (पायथॉन ॲपची एक्झी बनवणारं साधन) आयकॉनसकट एक्झी केली तर याची गरज नाही.

धागाकर्ती

दादा, पट्टी आली!!! डब्ल्यूएम_फ्रेमने काम झालं. आयकॉनही आला. आता ती दोन बटणं कशी करायची तेवढं सांगा, आणि लाल ठिपका अजून दिसत नाही.

प्रतिसाद १

ठिपक्यासाठी सेटओव्हरलेआयकॉन, १६ बाय १६ चा. ते केलं असेल आणि तरी दिसत नसेल तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये 'लहान बटणं वापरा' चालू आहे का बघा. लहान बटणांवर ठिपका दाखवतच नाहीत.

बटणांचं काम मात्र किचकट आहे. थंबबारॲडबटन्स एका खिडकीसाठी एकदाच बोलवता येतं, जास्तीत जास्त सात बटणं. नंतर काढता येत नाहीत, फक्त लपवता किंवा बदलता येतात. खरी डोकेदुखी क्लिकची. क्लिक झालं की खिडकीला डब्ल्यूएम_कमांड हा विंडोजचा निरोप येतो आणि टीके तो तुमच्यापर्यंत पोचवत नाही. म्हणजे बाहेरच्या चौकटीची विंडो प्रोसिजर (खिडकीचे निरोप हाताळणारं फंक्शन) बदलून मध्ये स्वतःचं फंक्शन बसवायचं. सीटाइप्समध्ये ते करताना कॉलबॅक, म्हणजे ते तुमचं फंक्शन, एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा लागतो, नाहीतर पायथॉन तो कचरा समजून उचलतो आणि ॲप एकही शब्द न बोलता गायब. आर्गटाइप्स (फंक्शनला जाणाऱ्या किमतींचे प्रकार) नीट दिले नाहीत तर ६४ बिटवर पॉइंटर अर्धा कापला जातो, परत तेच. करता येतं, पण आणखी दोन रविवार धरून चाला.

प्रतिसाद २

मध्येच बोलतो, माफ करा. 'थांबा' दाबल्यावर टेपरेकॉर्डर कोण थांबवणार? ॲप थांबेल, कॅसेट फिरतच राहील, अभंगाचा मधला चरण गेला म्हणून समजा. 'थांबा' हे बटण टेपवर आहे तेवढं पुरे.

तुमच्या वडिलांना खरी गरज आहे ती बाजू संपल्याचं कळण्याची. त्यासाठी विंडोजचं फ्लॅशविंडोएक्स हे फंक्शन बघा. फ्लॅशडब्ल्यू_ट्रे आणि फ्लॅशडब्ल्यू_टायमरनोएफजी हे दोन फ्लॅग एकत्र दिले की टास्कबारचं बटण लुकलुकत राहतं आणि खिडकी वर आणेपर्यंत थांबत नाही. याला कुठलीही प्रोसिजर बदलावी लागत नाही. आणि शेवटी सेटप्रोग्रेसस्टेटला ० द्यायला विसरू नका, नाहीतर पट्टी पूर्ण भरून तशीच राहते.

धागाकर्ती

हे माझ्या डोक्यातच आलं नाही! कॅसेट फिरतच राहणार, बरोबर. बटणांचा नाद सोडला, त्या नावाची फाइलही डिलीट केली.

लहान बटणांची खूणही खरंच चालू होती. ती काढल्यावर ठिपका दिसला, पण आता बाबांची तक्रार की खालची पट्टी जाड झाली. होईल सवय.

प्रतिसाद १

एमपी३ करताना किती वेळ लागेल माहीत नसतं, तेव्हा स्टेटला १ द्या, पट्टी नुसती इकडून तिकडे पळत राहते. आवाज येणं बंद झालं, वायर निघाली, तर ४ दिलं की लाल. बाबांना पळता हिरवा आणि लाल एवढंच शिकवा.

धागाकर्ती

वायर निघाल्याची कल्पना छान. १० सेकंद सलग शांतता असेल तर लाल, असं टाकलं. पहिल्याच कॅसेटला लाल झाली, बाबांनी धावत येऊन वायर तपासली. वायर जागेवर होती. बुवा दोन अभंगांच्या मध्ये पाणी पीत होते. आता ४० सेकंद ठेवलंय.

पहिली बाजू संपली तेव्हा बटण लुकलुकलं, पत्ते टाकून उठले आणि स्वतःच कॅसेट उलटली. सध्या दुसरी बाजू, ३२ टक्के.