मदत हवी आहे: रशियन ‘झिद’ या शब्दासाठी मराठीत काय योजावे?

नमस्कार. 1840च्या सुमाराच्या एका रशियन कथेचा अनुवाद करताना ‘झिद’ या, यहुद्यांसाठीच्या आणि रशियनमध्ये आज शिवी मानल्या जाणाऱ्या, एकाच शब्दापाशी मी दोन आठवडे अडलो आहे, म्हणून स्लाव्ह भाषांच्या जाणकारांपुढे हा प्रश्न मांडत आहे.

मुळात हा शब्द शिवी नव्हे. लॅटिनमधील ‘यूदाएउस’ इटलीकडच्या बोलींमधून स्लाव्ह भाषांत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘यहुदी’ एवढाच होता. पोलिश आणि चेक भाषांत तो आजही साधा शब्द आहे, क्रोएशियनमधला ‘झिदोव्ह’ही तसाच. रशियात मात्र सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनच्या काळापासून (18व्या शतकाचा उत्तरार्ध) सरकारी कागदपत्रांत यहुद्यांसाठी ‘येव्रेइ’ हा दुसरा शब्द रूढ होत गेला आणि मागे उरलेल्या ‘झिद’ला तुच्छतेचा वास चिकटला. ‘झिदीत्सा’ म्हणजे चिक्कूपणा करणे, असे क्रियापदही बोलीत त्यावरून निघाले. 1939 साली सोव्हिएत फौजांनी तेव्हा पोलंडमध्ये असलेले ल्वूव शहर घेतल्यानंतर तेथील सभेत यहुदी वक्ते स्वतःलाच ‘झिद’ म्हणवून घेत होते, आणि सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी त्याबद्दल हटकले तेव्हा ‘आमच्याकडे येव्रेइ म्हणणे हाच अपमान’ असे उत्तर त्यांना मिळाले, ही त्यांनीच लिहून ठेवलेली आठवण मला फार बोलकी वाटते.

माझी अडचण अशी आहे. कथेतला सरायवाला कंदील घेऊन दाराशी येतो, तेव्हा निवेदक त्याला ‘झिद’ म्हणतो; मुक्कामाला आलेला पोलिश जमीनदार तोच शब्द सहज उच्चारतो; आणि चार ओळींनी रशियन अधिकारी तोच शब्द सरायवाल्याच्या तोंडावर फेकतो. मराठीत ‘यहुदी’ आणि ‘ज्यू’ हे दोन्ही शब्द स्वच्छ आहेत. कोकणातल्या बेने इस्रायलींचे ‘शनवार तेली’ हे जुने नावसुद्धा शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून पडलेले आहे. भाषेच्या दृष्टीने ही भाग्याचीच गोष्ट, पण अधिकाऱ्याच्या संवादात त्यांतले काहीच चालत नाही. ‘ए यहुद्या’ असे करून पाहिले. तेथे हिणवणे बरोबर उतरते, परंतु हे रूप हाक मारण्यापुरतेच आहे, निवेदनात ते बसत नाही.

तेव्हा निवेदक आणि जमीनदार यांच्या तोंडी ‘यहुदी’ व अधिकाऱ्याच्या तोंडी ‘यहुद्या’ अशी फोड करावी, की सर्वत्र ‘झिद’च ठेवून पहिल्या ठिकाणी तळटीप द्यावी? फोड केल्यास निवेदक मुळापेक्षा सोवळा ठरेल, ही मला धास्ती आहे. म्हणूनच त्या काळच्या सुशिक्षित रशियन वाचकाला निवेदनातला हा शब्द कितपत बोचत असे, हे कोणी उदाहरणांसह सांगू शकल्यास माझा निर्णय त्यावरच ठरेल.