फुल्ली-गोळ्याचं कोडं: घर लाल होईपर्यंत टॅप करणं म्हणजे सोडवणं का?

सुदामानगरकर
मोबाईलवरच्या ब्रेन टीझर गेममधे फुल्ली-गोळ्याचं लॉजिकवालं कोडं येतं ना, त्याबद्दल बोलतोय. तीन जुळवून जिंकायचा शाळेतला खेळ नाही, इथे उलट तीन जुळूच द्यायचे नाहीत. ६ बाय ६ चा चौकोन, आडवं-उभं कुठेही सलग तीन फुल्ल्या किंवा सलग तीन गोळे नकोत, प्रत्येक रांगेत दोन्ही तीन-तीन, आणि दोन आडव्या रांगा अगदी सारख्या नकोत, तसंच उभ्याही. काल माझ्या भाच्याने दीड मिनिटात लेव्हल संपवली, मी शेजारी बसून बघितलं तर पठ्ठ्या अडला की सरळ फुल्ली टाकतो, घर लाल झालं की तिथे गोळा टाकतो आणि पुढे. याला मी सोडवणं म्हणणार नाही. चूक लगेच लाल करून दाखवणं गेमने बंदच करायला हवं.

मास्तरीण_राजेंद्रनगर
नाही पटलं. धरून बघणं हेही लॉजिकच आहे दादा. २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे हे मुलांना शिकवताना आपण काय करतो, ते परिमेय आहे असं आधी धरतो आणि विसंगती काढून दाखवतो. इथेही तेच. समजा रांगेत पहिली तीन घरं फुल्ली, फुल्ली, गोळा अशी भरलीत आणि पुढची तीन रिकामी. शेवटच्या घरात फुल्ली धरा. तीन फुल्ल्या संपल्या, मग मधल्या दोन्ही घरांत गोळे आले, आधीचा गोळा धरून सलग तीन झाले, नियम मोडला. म्हणजे शेवटी गोळाच. यात तुक्का कुठे आहे सांगा.

सुदामानगरकर
ताई, हे तुम्ही डोक्यात केलंत, बोटाने नाही, माझं भांडण तिथेच आहे. आणि यात तर धरायचीही गरज नाही. ६ घरांच्या रांगेत तीन-तीन आणि सलग तीन नाही अशा एकूण १४ च रांगा बनतात, त्यातल्या फुल्ली-फुल्ली-गोळा अशी सुरुवात असलेल्या फक्त दोन, आणि दोन्हींच्या शेवटी गोळाच आहे. लिहून बघा.

राजवाड्याजवळचा
अरे भिया, सगळ्यांना १४ रांगा पाठ करायच्या नसतात. माझी आई ७१ वर्षांची आहे, दुपारी भांडी आवरून झाली की हेच खेळते, तिला लाल घर दिसलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी फोन ठेवून दिला असता कारण पहिली चूक कुठे झाली ते शेवटपर्यंत कळतच नाही आणि मग अख्खं पुसावं लागतं. आता ती लाल झालं की थांबते, चष्मा वर करून रांग पुन्हा मोजते. शिकते आहे ती. बंद करा कसं म्हणता तुम्ही?

मास्तरीण_राजेंद्रनगर
अगदी हेच म्हणायचं होतं, लाल झाल्यावर "का" विचारलं की काम झालं. पण एक मान्य करते, भाचा "का" विचारत नसेल तर दोनच पर्याय असलेल्या घरात तो फक्त नाणं उडवतोय. आणि सुदामानगरकर, १० बाय १० घ्या, तिथे एका रांगेवर भागत नाही, एक घर धरलं की चार-पाच रांगा फिरून विसंगती सापडते, एवढं डोक्यात राहत नाही. मी कागदावर उतरवून पेन्सिलने बारीक टिंब देते. ते पण चीटिंग का?

सुदामानगरकर
टिंब चालेल, तिथे विसंगती तुम्ही शोधताय, फोन नाही. काकूंचंही पटलं, नव्या माणसाला लाल घर असू दे, सेटिंगमधे बंद करायची सोय हवी एवढंच म्हणतो. पण भाच्याच्या बाबतीत माघार नाही. आज त्याला चौकटीच्या वहीत कोडं काढून दिलं, पाऊण तास लागला, दोनदा रडकुंडीला आला, पण एका रांगेत फुल्ली-गोळा-फुल्ली-गोळा आणि पुढे दोन रिकामी होती तिथे तो स्वतःहून म्हणाला की मामा, वरची रांग अशीच सुरू होऊन गोळा-फुल्लीवर संपली आहे, म्हणून इथे फुल्ली-गोळाच येणार. हा सारख्या रांगांचा नियम त्याला आत्तापर्यंत माहीतच नव्हता, शंभरावर लेव्हल झाल्यात त्याच्या.

राजवाड्याजवळचा
ती वही रविवारी घेऊन या, आईला दाखवतो.