मॅसासॉगा साप पायवाटेवर दिसला, दूर नेऊन सोडावा का?

पाणथळीशेजारी: आमच्या अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या घरामागे पाणथळ आहे, तिच्या कडेने मुलांची सायकलची वाट. परवा भर वाटेवर मॅसासॉगा ऊन खात पडला होता. जेमतेम दोन फुटी, पण रॅटलस्नेकच, म्हणजे शेपटी खुळखुळवणारा साप. इथला एकमेव विषारी साप. २०१६ पासून त्याला देशभर कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मारायचा प्रश्नच नाही. पण पकडून पंधरा मैलांवरच्या जंगलात सोडला तर काय बिघडलं? माझी मुलगी पाच वर्षांची आहे.

ओलवाट: ताई, तिथे सोडला तर तो थंडीत मरू शकतो. हा साप हिवाळा बहुधा क्रेफिशच्या बिळात काढतो. (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडीसारखा दिसणारा छोटा जीव.) बीळ खाली भूजलापर्यंत जातं, तिथलं पाणी गोठत नाही, त्याच्या आधाराने साप तगतो. बरेच साप दरवर्षी त्याच भागात परततात. परक्या रानात ऑक्टोबरात तो बीळ शोधणार कुठे? शिवाय या दिवसांत उघड्यावर ऊन खात पडलेली बऱ्याचदा गाभण मादी असते. ही अंडी घालत नाही, ऑगस्टच्या सुमारास पिल्लंच देते, आणि पुष्कळ माद्या तर वर्षाआड. अशी एक मादी गेली तरी छोट्या पाणथळीत मोठा खड्डा पडतो.

लांज्याचा: मी कोकणातला. फुरसं हातभरच असतं, त्याने माणसं दगावतात. 'लहान साप' म्हणून कुणी धीर देऊ नये. तेवढंच विष लेकराला जास्त बाधतं. आईची भीती आधी, सापाचं बीळ नंतर.

ओलवाट: भीती खरी आहे. फुरसं खवले घासून आवाज तरी करतं. मॅसासॉगा बऱ्याचदा शेपटी न वाजवता गप्प पडून राहतो, त्यामुळे पाय पडू शकतो. म्हणूनच वाटेकडेचं गवत साप बिळात असतानाच, वसंताआधी कापून घ्या, आणि मुलीला घोट्यावर येणारे बूट घाला. पण पाणथळी बुजवून शेतं आणि वस्त्या आपणच उभ्या केल्या. उरलेल्या तुकड्यातूनही त्याला उचलायचं?

लांज्याचा: बूट घालून पाच वर्षांचं मूल गवतात हात घालायचं थांबतं का?

पाणथळीशेजारी: नाही थांबत. पण हिवाळ्याचं मला ठाऊक नव्हतं. दूर नेण्याचा आग्रह सोडते. वाटच चढाच्या बाजूने वळवा, असा अर्ज सोसायटीकडे आजच देते. तोवर तिकडे सायकल बंद.