लस देऊनही मानमोडी का येते?
कोंबड्यांना पाण्यातून लासोटा लस देऊनही मानमोडी (राणीखेत रोग) आली, म्हणजे लसच बोगस, असं एकाने म्हटलंय. असेलही, पण आधी पाणी तपासा. लासोटा ही जिवंत विषाणूची लस. क्लोरीन किंवा जंतुनाशक टाकलेल्या पाण्यात ती लगेच मरते, मग पक्षी नुसतं पाणीच पितात. माझ्या एका खेपेला हेच झालं होतं. आदल्या दिवशी टाकीत औषध घातलेलं, ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

लसीच्या आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवा. थंड, बिनक्लोरीनच्या पाण्यात लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम सायविरहित दुधाची पावडर ढवळा आणि कुपीचं बूच पाण्याखालीच उघडा. सगळं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. दुबळी पिल्लं मागे रेटली जातात, म्हणून भांडी जास्त लावा. कुपी वापरेपर्यंत २ ते ८ अंशांतच हवी. खिशात घालून आणलेली लस देऊन काय उपयोग?

पिल्लं थोडी असतील तर सरळ डोळ्यात थेंब टाका. पिल्लू डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत हातातून सोडू नका. आजारी कळपाला मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.