पोकलेनवर कोड आला की सेन्सर बदलायचा, ही सवय आता मोडायला हवी

मीटरवाला, सातारा

मॉनिटरवर ऑइल प्रेशर सेन्सरचा बिघाडाचा कोड दिसला की लगेच दुकानात फोन जातो, "सेन्सर पाठवा." मी मशीनच्या वायरिंगचं काम करतो आणि या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही, स्वतःच्या पिनवरचं व्होल्टेज तेवढं दिसतं. सेन्सर, कनेक्टर, मधली वायर, ५ व्होल्टचा सप्लाय, रिटर्नची (सेन्सरच्या अर्थची) वायर, यातलं काहीही बिघडलं तरी कोड सेन्सरच्याच नावाने येतो.

जे-१९३९ (अवजड मशीनच्या कंट्रोलरची सामायिक भाषा) पद्धतीच्या मशीनवर कोडचे दोन भाग असतात: एसपीएन म्हणजे बिघाड कशाचा, एफएमआय म्हणजे कोणत्या प्रकारचा. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, एवढं सगळे वाचतात. त्यापुढचा एफएमआय कुणी बघत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. ३ आला तर सिग्नलचं व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, ४ आला तर कमी. हे प्रेशर सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये काम करतात. सिग्नल शून्यावर पडला किंवा ५ ला चिकटला, तर तो ऑइलच्या प्रेशरचा आकडा नव्हेच, सर्किटचा दोष आहे.

कूलंट टेंपरेचरच्या दोन वायरींच्या सेन्सरला एफएमआय ४ आला असेल तर चावी ऑन ठेवून प्लग काढा. कोड ४ चा ३ झाला, तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर आतून शॉर्ट. ४ तसाच राहिला, तर नवा सेन्सर लावून काही होणार नाही, वायर शोधा. या तपासणीला एक रुपया लागत नाही.

खडीक्रशर, खेड शिवापूर

मीटरवाले दादा, तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण तुम्ही साइटवरचा हिशेब धरत नाही. पोकलेन थांबलं की मागे टिपर रांगेत उभे राहतात, क्रशर रिकामा फिरतो, ऑपरेटरचा पगार चालूच असतो. मेकॅनिक पुण्याहून निघून पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा नेहमी जाणारे सेन्सर पेटीत ठेवलेले बरे. बदलला आणि मशीन चालू झालं तर काम झालं, नाही झालं तर मग वायर बघू. मालकाच्या जागी उभं राहून विचार करा.

मीटरवाला, सातारा

भाऊ, नुकसान मला कळतं, म्हणूनच सांगतोय. समजा ऑइल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) आणि रेल प्रेशर (डिझेल लाइनचं प्रेशर) असे तीन कोड एकदम आले. तीन सेन्सर एका वेळी मरत नाहीत. एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला किंवा वायर चॅसिसला घासून अर्थ झाली, की सगळी लाइन खाली बसते. सोबत एसपीएन ३५०९ किंवा ३५१० दिसला तर तो त्या सप्लायचाच कोड आहे. मीटर लावून एकेक प्लग काढत जा. ज्या प्लगला ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर नाहीतर त्याची वायर गुन्हेगार. पेटीतले तीन सेन्सर लावत बसाल तर दिवस तिथेच संपेल. शिवाय एकदा लावलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परतही घेत नाही.

चिरेखाण, राजापूर

मी क्रशरवाल्यांच्या बाजूने आहे, पण पद्धत वेगळी. नवा प्रेशर सेन्सर बसवायचाच नाही. जुना जागेवर राहू दे, नवा नुसता प्लगला लावा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. व्होल्टेजचा कोड गेला तर जुना खराब, नाही गेला तर नवा परत पेटीत. तेल सांडत नाही, पाना लागत नाही. मात्र अर्थ बॉडीतून घेणाऱ्या स्विचला हे चालत नाही, तीन वायरींच्या सेन्सरलाच चालतं.

आमच्याकडे पावसाळ्यात बहुतेक वेळा कनेक्टरच निघतो. प्रेशरने मशीन धुतात, पाणी सीलमधून आत जातं, पिनांवर हिरवट गंज धरतो. त्यात काही जण टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या कव्हरमधून आत खुपसतात. त्या भोकातून पाणी शिरून तांबं आत लांबपर्यंत सडतं. मागून सीलच्या बाजूने बारीक प्रोब घाला, वायर टोचू नका. आणि ५ व्होल्टच्या लाइनवर बल्बवाला टेस्ट लॅम्प तर लावूच नका.

सर्व्हिस इंजिनिअर, नागपूर

या चर्चेत एक धोका आहे, तो स्पष्ट सांगतो. "कोड म्हणजे वायरिंग" हा समज "कोड म्हणजे सेन्सर" याहून वाईट आहे. एसपीएन १०० सोबत एफएमआय १ आला तर सर्किट ठीक आहे, प्रेशरच खरोखर कमी आहे. इंजिन ताबडतोब बंद करा. मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय पुन्हा चालवू नका. बझर वाजतो म्हणून वायर तोडून मशीन चालवणारे ऑपरेटर मी पाहिलेत. त्यानंतर बेअरिंग धरतात, क्रँक जातो. उगाच सेन्सर बदलण्यापेक्षा ही सवय कितीतरी महाग आहे, आणि मीटरवाल्यांच्या पहिल्या पोस्टमध्ये तिचा उल्लेख हवा होता.

दुसरं, बकेटला वेल्डिंग. बॅटरी न काढता आणि अर्थ क्लॅम्प कुठेतरी लांब चॅसिसला लावून वेल्डिंग केलं, की करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो. मग आठवडाभर कोड येत राहतात आणि दोष कंपनीला मिळतो. बॅटरी सोडवा, कंपनीने सांगितलं असेल तर कंट्रोलरचे प्लगही काढा, क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा.

खडीक्रशर, खेड शिवापूर

एफएमआय १ चं मान्य, तिथे वाद नाही. पण साहेब, सर्किट डायग्राम आम्हाला देतं कोण? पिन नंबर माहीत नसेल तर मीटर घेऊन काय मोजायचं? कंपनीचं सॉफ्टवेअर डीलरकडे, लॅपटॉप डीलरकडे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी क्षेत्रं घेतली. पोकलेनवाल्यांचा स्वतंत्र विचार कुठे आहे? मशीन आमचं, हप्ता आमचा, मग आकृतीही मशीनसोबत मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत मी सेन्सरची पेटी ठेवणार.

मीटरवाला, सातारा

नागपूरकर साहेबांचं म्हणणं रास्त आहे, एफएमआय १ आणि ४ यातला फरक केबिनमध्ये लिहूनच लावला पाहिजे. आकृतीच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. पण क्रशरवाले, काही मोजमापांना आकृती लागत नाही. तीन वायरींच्या सेन्सरच्या प्लगमध्ये चावी ऑन करून रिटर्नच्या संदर्भात ५ व्होल्ट कोणत्या पिनवर येतात ते दिसतंच. कॅन लाइनचा (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींचा, हाय आणि लो) संशय असेल तर बॅटरी तोडून डायग्नोस्टिक सॉकेटवर हाय आणि लो यांच्यात ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर असतात, म्हणून सुमारे ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय.

इंजिन चालू असताना एकाने हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा आणि दुसऱ्याने मीटर बघा, पण फॅन, बेल्टपासून हात दूर ठेवून. पंपाजवळचा क्लॅम्प आणि इंजिनवरून वळणारी वायर आधी धरा. तिथेच वायर सगळ्यात जास्त घासते.